टपाल तिकिटांवरील खाद्य अळंबी

रानात आपोआप उगवणाऱ्या, खाण्याजोग्या अळंब्यांची चित्रे असलेली टपाल तिकिटे हा विषयवार तिकीटसंग्रहातला एक मोठा विभाग आहे. त्याचे मूळ पूर्व युरोपात आहे. तिथे शरद ऋतूत टोपली घेऊन जंगलात जाणे हा घराघरातला रिवाज. रशियन भाषेत त्याला ‘तीखाया अखोता’, म्हणजे ‘मूक शिकार’ म्हणतात.

अळंबी तिकिटावर प्रथम आली ती नक्षी म्हणून. चीनच्या राजमाता त्सशी यांच्या साठाव्या वाढदिवसानिमित्त १८९४ मध्ये निघालेल्या तिकिटांवर दीर्घायुष्याचे प्रतीक असलेली लिंगझी ही अळंबी दिसते. पण ती लाकडासारखी टणक, पानात वाढण्याची नव्हे. खाद्य अळंब्यांची मालिका रोमानियाने १९५८ मध्ये काढली. तिच्यातल्या दहाही जाती खाण्याच्या आहेत. त्यात ‘कोप्रिनस कोमॅटस’ आहे, जी खुडल्यावर काही तासांतच काळ्या शाईसारखी पाझरू लागते, म्हणून त्याच दिवशी शिजवावी लागते. त्याच वर्षी चेकोस्लोव्हाकियाने आणि १९५९ मध्ये पोलंडनेही अळंब्यांच्या मालिका काढल्या, मात्र त्यांत खाद्य जातींच्या शेजारी विषारी जातीही छापल्या. पूर्व युरोपातली अशी बरीच तिकिटे पत्रावर न लावताच, टपालाचा शिक्का मारून संग्राहकांना विकली जात. कोपऱ्यात शिक्क्याची सुबक कड आणि पालथे केल्यावर मागचा डिंक जसाच्या तसा, ही त्यांची ओळख.

या विषयाचा खरा गाभा सोव्हिएत संघाच्या दोन मालिका शेजारी ठेवल्या की उलगडतो. १९६४ च्या मालिकेत २, ४, ६, १० आणि १२ कोपेकची पाच तिकिटे होती आणि पाचही जाती खाद्य होत्या. तिच्या काही प्रतींवर चकचकीत लाखेचा थर दिलेला आहे. तिकीट तिरके धरले की टोपी पावसात भिजल्यासारखी चमकते. १९८६ ची मालिका विषारी आणि अखाद्य अळंब्यांची. आधीच्या मालिकेतल्या दोघींच्या तोतया तिच्यात आहेत. ‘पांढरी अळंबी’ म्हणून मान असलेल्या बोलेटस एड्युलिसच्या देठावर फिकट जाळी असते. तिच्यासारखी दिसणारी टायलोपिलस फेलियस हिच्या देठावर ती गडद असते आणि टोपीचा खालचा भाग पुढे गुलाबी होतो. ही कडू एवढी, की एकच चुकून पडली तरी सारे पातेले वाया जाते. झाडाच्या बुंध्याशी घोसाने उगवणाऱ्या मध-अळंबीच्या देठाला कडे असते. तिच्या विषारी तोतयाला नीटसे कडे नसते आणि टोपीखालच्या पट्ट्या हिरवट पिवळ्या असतात. म्हणजे ओळख पटते ती टोपीच्या खालून आणि देठावरून. म्हणून चित्रकाराने अळंबी थोडी कलती किंवा आडवी दाखवली आहे का, हे पाहावे. नुसती वरची रंगीत टोपी दाखवणारे तिकीट देखणे असेल, पण अळंबीविषयी ते फार थोडे सांगते. तिकीट पाहून कोणी रानातली अळंबी चुलीवर चढवू नये, हे वेगळे सांगायला हवे. १९८६ च्या मालिकेतल्या अमानिटा फॅलॉइडिसची लक्षणे कित्येक तासांनी सुरू होतात आणि तिने यकृत निकामी होऊन माणूस दगावू शकतो.

‘खाद्य’ हा शब्दही ठिकाणाप्रमाणे बदलतो. फिनलंडने १९७४ मध्ये तीन अळंब्यांची तिकिटे काढली, त्यात मेंदूसारख्या सुरकुत्यांची गायरोमित्रा एस्क्युलेंटा आहे. कच्ची खाल्ली तर ती जीवघेणी. फिनलंडमध्ये मात्र भरपूर पाण्यात पुन्हा पुन्हा उकळून, पाणी फेकून देऊन ती आवडीने खातात.

चीनच्या १९८१ च्या सहा तिकिटांत लागवडीखालच्या जातीही आहेत. जपानने १९७४ मध्ये शिताके ही खाद्य अळंबी छापली.

मराठी आणि कोकणी वाचकाला जवळची वाटेल ती झांबियाची १९८४ ची मालिका. तिच्यातली टर्मिटोमायसिस लेटेस्टुई ही वाळवीच्या वारुळावर उगवते. वाळवी वारुळाच्या आत या बुरशीची शेतीच करते, आणि पाऊस लागला की त्या शेतातून अळंब्या जमिनीवर येतात. कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यात पानांत बांधून, मोजून विकायला येणारी वारुळावरची अळंबी (गोव्यात ‘अळमी’) याच टर्मिटोमायसिस वंशातली. तिचे देठ जमिनीत खोलवर मुळासारखे निमुळते होत जाते, म्हणून काढणारे ती ओढत नाहीत, बोटांनी माती सैल करून हळूच उचलतात.