कॉव्हेंट्रीतलं बालपण: ढिगारे, कुपनं आणि अकराव्या वर्षीची परीक्षा

दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडच्या औद्योगिक शहरांत लहानाची मोठी झालेली पिढी आता ऐंशीच्या घरात आहे. या माणसांच्या आठवणी ऐकाव्यात तर एक गोष्ट लगेच जाणवते: घरं वेगळी, शहरं वेगळी, पण आठवणी जवळजवळ त्याच. पडक्या घरांत खेळलेले खेळ, शाळेत मिळणारं दूध, खाऊच्या गोळ्या घ्यायच्या तर आधी रेशनचं कुपन. योगायोगाने असं होत नाही. या मुलांचं बालपण बऱ्याच अंशी संसदेतल्या कायद्यांनी घडवलं होतं, आणि कॉव्हेंट्री शहरात ते फार स्पष्ट दिसतं.

कॉव्हेंट्री हे इंग्लंडच्या मध्य भागातलं मोटारी, विमानं आणि यंत्रं बनवणारं गाव. १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री जर्मन विमानांनी तिथे सुमारे अकरा तास बॉम्ब टाकले. पाचशेहून जास्त माणसं मेली, चार हजारांवर घरं जमीनदोस्त झाली, सेंट मायकेलचं मध्ययुगीन कॅथेड्रल जळून नुसत्या भिंती उरल्या. शहराचे वास्तुविशारद डोनाल्ड गिब्सन यांच्याकडे नव्या मध्यवस्तीचा आराखडा बॉम्ब पडण्याआधीपासूनच होता. दाटीवाटीच्या जुन्या गल्ल्यांच्या जागी मोकळी, फक्त पायी चालणाऱ्यांची बाजारपेठ त्यांना हवी होती. नगरपालिकेने १९४१ च्या सुरुवातीलाच त्यांची योजना स्वीकारली. पण योजना आणि विटा यांच्यामध्ये बरीच वर्षं गेली. ती वर्षं मुलांची होती. साफ न केलेल्या ढिगाऱ्यांवर फायरवीडची उंच गुलाबी फुलं माजली होती, आणि शाळा सुटली की मुलं तिथेच. तळघरात उतरायचं, लाकडं गोळा करायची, वीट रचून किल्ला करायचा. आयांना धास्ती असायची, आणि ती रास्त होती: न फुटलेले बॉम्ब युद्धानंतरही सापडत राहिले.

युद्ध जिंकलेल्या देशात टंचाई इतकी का लांबली, हा प्रश्न त्या मुलांना पडत नसे. आपल्याला पडायला हवा. ऑगस्ट १९४५ मध्ये अमेरिकेने उधारीवर माल देणं एकदम थांबवलं. ब्रिटनला अमेरिकेकडून ३७५ कोटी डॉलरचं कर्ज घ्यावं लागलं, त्याचा शेवटचा हप्ता डिसेंबर २००६ मध्ये फिटला. भारताचंही ब्रिटनकडे मोठं येणं होतं. युद्धकाळात भारताने पुरवलेल्या मालाचे आणि सैन्यखर्चाचे सुमारे १३० कोटी पौंड लंडनच्या खात्यात साचले होते. ज्या देशात १९४३ साली बंगालमध्ये लाखो माणसं उपाशी मेली, त्याच देशाने दिलेली ही उधारी. इंग्रजी बालपणाच्या हळव्या आठवणींत तिचा उल्लेख येत नाही, तो यायला हवा असं मला मनापासून वाटतं.

परकीय चलन नाही, म्हणून आयात कमी. आयात कमी, म्हणून रेशन. युद्धात कधी रेशनवर न आलेला पाव जुलै १९४६ ते जुलै १९४८ या काळात रेशनवर आला. १९४७ च्या हिवाळ्यात जानेवारीअखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत बर्फ हटला नाही, कोळसा संपला, वीज तासन्‌तास बंद राहू लागली.

मुलांना आठवतं ते मात्र गोळ्यांचं रेशन. माणशी आठवड्याला साधारण शंभर ग्रॅम, तेही कुपन देऊन. दुकानदार बरणीतून तराजूत गोळ्या टाकायचा, काटा थांबला की एक गोळी परत बरणीत जायची, मग कात्रीने कुपन कापायचा. एप्रिल १९४९ मध्ये सरकारने हे रेशन उठवलं, तर दुकानं एवढी रिकामी झाली की ऑगस्टमध्ये ते परत लावावं लागलं. कायमचं उठलं ते ५ फेब्रुवारी १९५३ ला. मांसाचं रेशन जुलै १९५४ मध्ये, सगळ्यांत शेवटी.

या टंचाईतही मुलांचं पोट आधी, असं धोरण होतं. गरोदर बायका आणि पाच वर्षांखालच्या मुलांसाठी हिरवं रेशनपुस्तक, त्यावर दूध, अंडी आणि फळांना पहिला हक्क. बाळांना संत्र्याचा रस आणि कॉडलिव्हर ऑइल. ऑगस्ट १९४६ पासून दुसऱ्या मुलापासून पुढे प्रत्येकामागे आठवड्याला पाच शिलिंग (म्हणजे पाव पौंड) भत्ता, आणि तो सहसा आईच्या हातात. त्याच महिन्यापासून प्रत्येक शाळकरी मुलाला रोज एकतृतीयांश पाइंट (सुमारे १९० मिली) दूध फुकट. थंडीत बाटल्या दाराबाहेरच गोठायच्या, वर आलेली साय झाकण उचलून डोकवायची. मग बाई बाटल्या शेगडीजवळ ठेवायच्या आणि ते कोमट दूध प्यावं लागायचं. कित्येकांना आयुष्यभर दुधाचा वास नकोसा झाला तो तेव्हापासून. ५ जुलै १९४८ ला राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली आणि डॉक्टरला बोलवायचं तर पैसे आहेत का, हा घरातला जुना प्रश्न मिटला. माझ्या मते त्या पिढीच्या आयुष्यातला हा सर्वांत मोठा बदल होता.

घरांची गरज तातडीची होती, म्हणून विमानांच्या कारखान्यांत ॲल्युमिनियमचे बंगले तयार करून ट्रकवरून आणले गेले. देशभरात सगळ्या प्रकारची मिळून दीड लाखाहून जास्त प्रीफॅब, म्हणजे आधी तयार करून जागेवर जोडलेली, घरं उभी राहिली. दहा वर्षांसाठी बांधलेली, पण त्यांत न्हाणीघर होतं, संडास घरात होता आणि फ्रिजही होता. अंगणातल्या संडासाकडे कंदील घेऊन जाणाऱ्या कुटुंबांना तो थाट वाटला, आणि अनेकांनी ती घरं कित्येक दशकं सोडली नाहीत.

मोटारींच्या कारखान्यांना माणसं हवी होती. आयर्लंड, वेल्स, स्कॉटलंडबरोबर पंजाबातूनही कामगार आले. ब्रिटनमधली इंडियन वर्कर्स असोसिएशन १९३८ सालीच कॉव्हेंट्रीत स्थापन झाली होती. सुरुवातीला पुरुष एकेकटे राहत. बायकामुलं पुढे आली, विशेषतः १९६२ च्या कायद्याने येण्यावर बंधनं घातली त्या सुमारास.

या सगळ्या उजळ चित्रात एक गोष्ट मात्र क्रूर होती. १९४४ च्या शिक्षण कायद्याने माध्यमिक शिक्षण फुकट केलं, पण त्याच्या अंमलबजावणीत अकरा-बाराव्या वर्षी परीक्षा घेऊन मुलं वेगळी काढली जात. साधारण चार-पाचांतलं एक ग्रामर स्कूलमध्ये जाई, तिथून विद्यापीठाची वाट होती. उरलेली बहुतेक सेकंडरी मॉडर्नमध्ये, म्हणजे पंधराव्या वर्षी कारखान्याच्या फाटकात. काही भागांत मुली जास्त उत्तीर्ण होत म्हणून त्यांना मुलांपेक्षा जास्त गुणांची अट होती. निकालाचं पाकीट आलं की एकाच गल्लीतल्या मित्रांचे गणवेश वेगळे व्हायचे आणि मैत्री तिथेच सुटायची. कॉव्हेंट्रीने १९५० च्या दशकातच सगळ्यांना एकत्र शिकवणाऱ्या कॉम्प्रिहेन्सिव्ह शाळा काढायला सुरुवात केली. १९६५ मध्ये सरकारने परिपत्रक काढून इतर ठिकाणच्या प्रशासनांनाही तसा बदल करायला सांगितलं. केंट आणि बकिंगहॅमशरमध्ये ती परीक्षा आजही घेतली जाते.