जिवाणूंचे आसंजन

पाण्यात मोकळे फिरणारे जिवाणू दगड, धातू, प्लास्टिक, दात किंवा आतड्याचे अस्तर अशा पृष्ठभागाला धरून राहतात, त्या क्रियेला आसंजन म्हणतात. पर्वतीच्या केंद्रात शुद्ध होऊन आलेले पाणी असले, तरी पुण्यातल्या इमारतींच्या गच्चीवरील टाक्यांना आतून बुळबुळीत थर धरतो, तो या क्रियेमुळेच. मुठेकाठच्या घाटाच्या पायऱ्या निसरड्या होतात, तिथे जिवाणूंच्या सोबतीला शेवाळही असते.

कोणतीही स्वच्छ वस्तू पाण्यात बुडाली की काही मिनिटांतच तिच्यावर सेंद्रिय रेणूंचा पातळ लेप बसतो. जिवाणूची गाठ आधी या लेपाशी पडते. त्याची पेशी जेमतेम १-२ मायक्रोमीटरची. पाण्यात तिच्यावर आणि बहुतेक पृष्ठभागांवरही ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे दोन्ही परस्परांना दूर लोटतात. व्हान डर वाल्स बल, म्हणजे अगदी जवळ आलेल्या रेणूंमधले क्षीण आकर्षण, मात्र जवळ ओढते. पाण्यात क्षार अधिक असले की लोटण्याचा जोर कमी पडतो. या ओढाताणीत पेशी पृष्ठभागाजवळ रेंगाळते, पण अजून सहज सुटू शकते.

पक्की पकड बसते ती पिली नावाच्या केसांसारख्या तंतूंमुळे. मूत्रमार्गाचा संसर्ग करणाऱ्या ई. कोलायच्या पिलीच्या टोकाला फिमएच हे प्रथिन असते आणि ते मूत्राशयाच्या अस्तरावरील मॅनोज शर्करेला धरते. विशेष म्हणजे प्रवाहाचा ताण वाढला की ही पकड सुटण्याऐवजी आवळली जाते. निसर्गातली इतकी नेमकी रचना पाहून थक्क व्हायला होते.

स्पर्श झाल्याची वर्दी पेशीच्या आत पोहोचते. सायक्लिक-डाय-जीएमपी या संदेशक रेणूचे प्रमाण वाढते, पोहण्याची शेपटी थांबते आणि पेशी शर्करा, प्रथिने व डीएनए यांचा चिकट गर बाहेर सोडू लागते. त्या गरात पेशींची वस्ती वाढून जैवपटल, म्हणजेच बायोफिल्म, तयार होते. क्लोरीन बाहेरच्या थराशी अभिक्रिया करण्यातच बराचसा खर्ची पडतो. आतल्या पेशी बचावतात. म्हणूनच टाकीत नुसते जंतुनाशक ओतणे पुरेसे नाही. आधी भिंती घासून थर काढायलाच हवा. कॅथेटर (शरीरात घातलेली नळी) किंवा कृत्रिम सांध्यावर असा थर बसला तर प्रतिजैविकेही अपुरी पडतात आणि पुष्कळदा ती वस्तूच काढावी लागते.

हाच गुण माणसाने कामालाही लावला आहे. पुण्यातल्या मोठ्या सोसायट्यांना सांडपाणी प्रक्रिया प्रकल्प चालवावे लागतात. त्यांतल्या एमबीबीआर (मूव्हिंग बेड बायोफिल्म रिअॅक्टर) पद्धतीच्या टाकीत खाचाखाचांचे प्लास्टिकचे तुकडे हवेच्या झोताने सतत घुसळत ठेवतात. खाचांत चिकटलेले जिवाणू सांडपाण्यातला सेंद्रिय मैला खातात, आणि तुकडे एकमेकांवर आपटत राहिल्याने बाहेरून वाढलेला जादा थर आपोआप झडतो.