हिमोफिलियातील वेदना आणि ओपिऑइड औषधे

हिमोफिलिया या आनुवंशिक रक्तस्रावविकारात रक्त गोठवणारा आठवा घटक (प्रकार ए) किंवा नववा घटक (प्रकार बी) कमी असतो. हे प्रमाण १ टक्क्याच्या खाली गेले की आजार तीव्र मानतात. तीव्र आजारात मार न लागताही गुडघा, घोटा आणि कोपर यांत रक्त साचते. त्यामुळे या रुग्णाचे दुखणे बहुधा सांध्यातच असते, आणि त्यावर काय द्यायचे हे ते दुखणे ताज्या रक्तस्रावाचे आहे की झिजलेल्या सांध्याचे, यावर ठरते. ही फोड न करता दिलेली वेदनाशामके, विशेषतः ओपिऑइड (अफूच्या जातीची तीव्र वेदनाशामके), फायद्यापेक्षा नुकसानच जास्त करतात.

ताज्या रक्तस्रावाची चाहूल सूज येण्याआधीच लागते. सांध्यात मुंग्या येतात, आतून ऊब आणि ताण जाणवतो. मग तासाभरात सांधा भरतो, गरम लागतो, वाकवता येत नाही. सराईत रुग्ण ‘ब्लीड सुरू झालं’ असे म्हणतो तेव्हा ते बहुधा खरे असते आणि तपासणीची वाट पाहण्यात अर्थ नसतो. झिजलेल्या सांध्याचे दुखणे वेगळे असते. सकाळी सांधा आखडतो, जिने चढताना आणि उभे राहिल्यावर दुखतो, विश्रांतीने हलका होतो आणि फॅक्टर (कमी असलेल्या घटकाचे इंजेक्शन) घेऊनही फरक पडत नाही. दोन्हींची सरमिसळ झाली असेल तर सोनोग्राफीत सांध्यातले रक्त दिसू शकते.

ताज्या रक्तस्रावात फॅक्टर हेच पहिले वेदनाशामक. रक्त थांबले की सांध्यातला दाब वाढायचा थांबतो आणि काही तासांत दुखणे उतरू लागते. आठव्या घटकाचे १ युनिट दर किलो वजनामागे पातळी सुमारे २ टक्क्यांनी वाढवते, नवव्याचे सुमारे १ टक्क्याने. म्हणजे ५० किलोच्या रुग्णाची पातळी ४० टक्क्यांवर न्यायची तर आठव्याचे सुमारे १,००० आणि नवव्याचे सुमारे २,००० युनिट लागतात. फॅक्टर शक्यतो दोन तासांच्या आत जावा, असे धोरण असते. पनवेलचा रुग्ण फॅक्टरसाठी ट्रान्स हार्बर लोकलने ठाण्याच्या किंवा कुर्ल्याला गाडी बदलून परळच्या रुग्णालयात निघाला, तर हा वेळ सुजलेल्या गुडघ्याने पूल चढण्या-उतरण्यातच जातो. म्हणून घरी फॅक्टर घ्यायला शिकणे कोणत्याही गोळीपेक्षा मोलाचे. कुपी २ ते ८ अंशांवर ठेवतात, द्रावण मिसळताना ती जोरात हलवत नाहीत, हळूच गोल फिरवतात. सोबत सांध्याला विश्रांती, आधार आणि कापडात गुंडाळलेला बर्फ १५-२० मिनिटे.

त्यानंतर गोळ्या. सुरुवात पॅरासिटामॉलने. प्रौढाला ५०० ते १,००० मिलिग्रॅम, दिवसाची कमाल ४ ग्रॅम. यकृत खराब असेल तर मर्यादा बरीच खाली येते, आणि जुन्या रुग्णांत हे दुर्मीळ नाही, कारण रक्तपेढ्यांत हेपॅटायटिस सीची चाचणी सक्तीची झाली ती २००१ मध्ये, आणि त्याआधी चढवलेल्या रक्तातून यकृताचा हा संसर्ग होऊ शकत होता. ॲस्पिरिन, डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन टाळतात. ती रक्तकणिकांचे (प्लेटलेटचे) काम अडवतात आणि जठरातून रक्तस्राव घडवतात. सेलेकॉक्सिबसारखी औषधे झिजलेल्या सांध्यासाठी, मूत्रपिंड आणि हृदय पाहून, थोडे दिवस देतात. गफलत होते ती जोडगोळ्यांत (एकाच गोळीत दोन औषधे). पावसाळी तापात कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून ‘पॅरासिटामॉलच आहे’ म्हणून मिळालेल्या पट्टीत डायक्लोफेनॅकच्याच जातीचा ॲसिक्लोफेनॅकही असतो. पट्टीच्या मागची बारीक अक्षरे वाचल्याशिवाय गोळी घेऊ नये. ‘पटकन आराम पडेल’ म्हणून कमरेत दिलेले वेदनाशामक इंजेक्शन तर दुहेरी घात करते: औषध चुकीचे आणि सुई स्नायूत, तिथे नवी गाठ तयार.

एवढ्याने भागले नाही तर ओपिऑइड. बाह्यरुग्ण विभागात सर्वाधिक लिहिले जाते ते ट्रॅमाडॉल, ५० ते १०० मिलिग्रॅम, दिवसाला कमाल ४०० मिलिग्रॅम. झटक्यांचा (फिट येण्याचा) इतिहास असल्यास ते नको. नैराश्यावरच्या काही गोळ्यांबरोबर ते घेतल्यास सेरोटोनिन वाढून तापासह थरथर सुटू शकते. जोडगोळीत ट्रॅमाडॉल ३७.५ आणि पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅम असते, त्यामुळे वर साधे पॅरासिटामॉल घेताना बेरीज करावी लागते. बारा वर्षांखालील मुलांना कोडीन आणि ट्रॅमाडॉल देत नाहीत: काही मुलांचे यकृत त्याचे प्रभावी रूप इतक्या झपाट्याने बनवते की श्वास मंदावतो. मॉर्फिन प्रामुख्याने शस्त्रक्रियेनंतर आणि इन्हिबिटर असलेल्या रुग्णात लागते. इन्हिबिटर म्हणजे फॅक्टरविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिद्रव्ये. त्यांच्यामुळे नेहमीचा फॅक्टर निष्प्रभ होतो, रक्तस्राव लांबतो आणि दुखणेही.

ओपिऑइड सुरू करताना बद्धकोष्ठाचे औषधही त्याच दिवशी सुरू करावे. लॅक्ट्युलोज किंवा बिसाकोडिल चालते. कुंथल्याने गुदद्वाराशी रक्तस्राव होतो आणि या रुग्णात तो लवकर थांबत नाही. मात्रा, गोळ्यांची संख्या आणि थांबण्याची तारीख एकाच डॉक्टरने लिहावी. काही आठवडे रोज घेतल्यावर एकदम बंद केले तर अंग मोडून येते, नाक गळते, झोप उडते, आणि ही अंगदुखी ब्लीड समजून पुन्हा गोळी घेतली जाते. म्हणून मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवतात.

कायद्याचा भाग थोडक्यात. ट्रॅमाडॉल एच-१ अनुसूचीत येते: दुकानदार रुग्ण, डॉक्टर आणि संख्या नोंदवहीत टिपून ती तीन वर्षे जपतो. २०१८ पासून ते अमली पदार्थविरोधी कायद्याखालीही आहे. मॉर्फिनसाठी याच कायद्याच्या २०१४ च्या दुरुस्तीने राज्याराज्यांतले परवान्यांचे जंजाळ कमी केले. ते मान्यताप्राप्त संस्थांतून मिळते. ठाण्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयातील हिमोफिलिया दिवसोपचार केंद्र आणि परळचे के. ई. एम. रुग्णालय हे मुंबई-ठाणे भागातील रुग्णांचे मुख्य आधार. उपचार केंद्राचे कार्ड खिशात असेल तर रात्रीच्या कॅज्युअल्टीत वेदनाशामक मागणाऱ्या तरुणाकडे व्यसनी म्हणून पाहिले जाण्याची शक्यता कमी होते.

काही दुखण्यांत फॅक्टरआधी ओपिऑइड देऊच नये. डोक्याला मार लागला असेल किंवा डोके असह्य दुखत असेल, तर फॅक्टर आधी, सीटी स्कॅन नंतर. गुंगी औषधाची की मेंदूतल्या रक्ताची, हे मागाहून सांगता येत नाही. जांघेत कळ आणि मांडी पोटाकडे ओढलेली असेल तर सोअस (कमरेतून मांडीकडे जाणाऱ्या) स्नायूतला रक्तस्राव, जो उजवीकडे असल्यास अपेंडिक्स समजून पोट उघडले जाण्याचा धोका असतो. हात किंवा पोटरी टणक होऊन बोटे बधिर पडली तर नसांवर दाब आला आहे, आणि तिथे गोळीने कमी झालेले दुखणे शस्त्रक्रियेची वेळ हुकवते.