चामखीळ : उपचार आणि नंतरची निगा

चामखीळ म्हणजे ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, थोडक्यात एचपीव्ही, या विषाणूमुळे त्वचेच्या सर्वांत वरच्या थरात होणारी खरखरीत वाढ. बहुतेक वेळा ती निरुपद्रवी असते. या विषाणूचे २०० हून अधिक प्रकार ज्ञात आहेत. हातापायांवरच्या चामखिळी मुख्यतः १, २, ४, २७ आणि ५७ या प्रकारांमुळे होतात. हा आजार संसर्गजन्य असल्याचे इटालियन डॉक्टर जुझेप्पे च्युफो यांनी १९०७ मध्ये दाखवले. जिवाणू अडवणाऱ्या गाळणीतून गाळलेला चामखिळीचा अर्क टोचला तरी त्या जागी नवी चामखीळ उगवते, हे त्यांच्या प्रयोगातून दिसले.

भिजून मऊ पडलेली, चिरलेली त्वचा विषाणूला वाट देते. मासळी आणि मांस हाताळणाऱ्यांच्या हातांवर चामखिळी अधिक आढळतात, असे बऱ्याच देशांत नोंदले गेले आहे. गोव्यात जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवा कायम ओली असते. त्यात खाजन शेतात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या खारजमिनीत, अनवाणी राबणारे पाय, तिसऱ्या-शिनाण्या काढताना शिंपल्यांनी कापलेली बोटे आणि बाजारात दिवसभर बर्फात मासळी निवडणारे हात, म्हणजे विषाणूला आयतेच रान.

उपचाराआधी ओळख पटवावी लागते, आणि घोळ इथेच होतो. मानेवर किंवा काखेत लोंबणारे मऊ मस विषाणूचे नसतात. लठ्ठपणा आणि मधुमेहात ते जास्त दिसतात. तळव्यावरची चामखीळ आणि कुरूप यांत तर नेहमीच गल्लत होते. डॉक्टर पात्याने वरचा कडक थर तासतात. खाली काळे ठिपके दिसले आणि बारीक रक्त आले, तर ती चामखीळ. ते ठिपके म्हणजे रक्त गोठलेल्या केशवाहिन्या. लोक त्यांनाच ‘मुळे’ समजतात. कुरूप थेट दाबल्यावर दुखते, चामखीळ दोन्ही बाजूंनी चिमटल्यावर. उतारवयात अचानक उगवलेली, रंग बदलणारी किंवा रक्त येणारी गाठ मात्र जाळण्याआधी तिचा तुकडा तपासायला पाठवावा लागतो. ब्यूटी पार्लरमध्ये मस ‘उडवून’ घेण्याला खरा आक्षेप हाच आहे. जाळलेल्या गाठीची तपासणी पुन्हा होत नाही.

सर्वांत साधा उपचार सॅलिसिलिक आम्लाचा. १७ ते ४० टक्के तीव्रतेचे द्रावण किंवा पट्टी वापरतात. जागा पाच-दहा मिनिटे कोमट पाण्यात भिजवायची, मऊ थर कानशीने घासायचा आणि आसपासच्या कातडीला व्हॅसलिन लावून औषध फक्त चामखिळीवर ठेवायचे. यात आठवडे, कधी तीन महिने जातात. बहुतेक जण त्याआधीच कंटाळतात. ती कानशी चांगल्या त्वचेवर किंवा नखांवर वापरायची नाही.

गोठवण्याच्या उपचारात उणे १९६ अंश सेल्सिअसचा द्रव नायट्रोजन फवारतात. चामखीळ आणि भोवतालची एक-दोन मिलिमीटर कातडी पांढरी, बर्फासारखी टणक होते. गंमत म्हणजे रुग्णाला जाणवते ती आग. हे दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने पुन्हा करावे लागते. विजेने जाळणे, रेडिओलहरी आणि १०,६०० नॅनोमीटरचा कार्बन डायऑक्साइड लेसर या पद्धतींत आधी बधिर करणारे इंजेक्शन देतात आणि काम बहुधा एका बैठकीत होते. या धुरात विषाणूचा डीएनए आढळतो, म्हणून मास्क आणि धूर ओढणारे यंत्र हवेच. चिवट किंवा पुष्कळ चामखिळी असतील तर एकाच चामखिळीत एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला) लस किंवा ड जीवनसत्त्व टोचून शरीराची प्रतिकारशक्ती जागी करतात. ती जागी झाली की लांबच्या चामखिळीही गळतात.

गोव्यात बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयात, त्वचारोग विभाग आहे. या संस्थेची परंपरा १८४२ च्या पोर्तुगीज वैद्यक शाळेपर्यंत जाते. तरी घरगुती उपाय आधी होतात. काजूबियांच्या टरफलातले तेल, बिब्बा, रुईचा चीक, चुना आणि सोडा, सगळ्यांचा गुण एकच, कातडी जाळणे. काजूच्या तेलाने चामखीळ गळते हे खोटे नाही. पण ते शेजारची त्वचाही जाळते आणि चट्टा उरतो. रुईचा चीक डोळ्यात गेला तर पारपटलाला, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला, इजा होते.

नंतरची निगा उपचाराइतकीच महत्त्वाची. गोठवल्यावर दिवसभरात फोड येतो, कधी रक्ताचा. तो फोडू नये. फार ताणला तर दवाखान्यात निर्जंतुक सुईने पाणी काढतात, वरची कातडी तशीच ठेवून. जाळलेल्या जागी खपली धरते. चेहऱ्यावर ती आठ-दहा दिवसांत पडते, तळव्याला तीन आठवडेही लागतात. जागा रोज साबण-पाण्याने धुवावी, टिपून कोरडी करून व्हॅसलिन लावावे. खपली पडेपर्यंत समुद्र, नदी आणि तरणतलाव टाळावेत. ‘खारे पाणी जखमेला चांगले’ हा समज किनाऱ्यावर पक्का असला तरी. देवळात अनवाणी जाणेही तळवा भरून येईपर्यंत बेताने. दुखणे वाढले, पू आला किंवा ताप आला तर पुन्हा दाखवावे. मधुमेह्यांनी पायावर स्वतः काहीच करू नये.

सावळ्या त्वचेचा प्रश्न डागांचा. जाळल्यावर काळा आणि गोठवल्यावर पांढरा डाग राहू शकतो, तो जायला महिने लागतात. उघड्या जागी ३० किंवा अधिक एसपीएफचे सनस्क्रीन लावावे, ढगाळ दिवशीही.

उपचाराने दिसणारी वाढ जाते. शेजारच्या निरोगी दिसणाऱ्या त्वचेत विषाणू राहू शकतो, म्हणून चामखीळ पुन्हा येते. त्याला डॉक्टरचा हात कच्चा असे म्हणता येत नाही. दाढीच्या जागी चपट्या चामखिळी असतील तर वस्तरा त्या रांगेने पसरवतो. सलूनमध्ये नवे पाते मागावे. मुलांच्या सुमारे दोन-तृतीयांश चामखिळी दोन वर्षांत आपोआप जातात, त्यामुळे दुखत नसतील तर थांबणे हाही मान्य उपचार आहे.

जननेंद्रियांवरच्या चामखिळी वेगळ्या, मुख्यतः ६ आणि ११ या प्रकारांच्या. तिथे दुकानातले सॅलिसिलिक आम्ल लावायचे नसते. त्वचारोग किंवा स्त्रीरोग तज्ज्ञाकडेच जावे, जोडीदाराचीही तपासणी करावी. हे दोन प्रकार टाळणाऱ्या लसी उपलब्ध आहेत. त्या आधीपासून असलेली चामखीळ घालवत नाहीत.