उतारा घसरला, पण साखर गेली कुठे?

गाळप हंगामात साखर कारखान्याच्या फलकावर रोज दोन आकडे चढतात: गाळप किती टन आणि उतारा, म्हणजे उसातून हाती आलेली साखर, किती टक्के. गावात चर्चा रंगते ती उताऱ्याची. पण कारखान्याची कामगिरी जोखायला हा आकडा कच्चा आहे, कारण त्यातली मोठी कमाई उसाची असते. १४ टक्के पोलचा, म्हणजे मोजणीत तेवढी साखर भरणारा ऊस घेऊन २.४ टक्के साखर वाया घालवणारा कारखाना ११.६ उतारा दाखवतो. १२.५ पोलच्या उसातून फक्त १.८ गमावणारा दाखवतो १०.७. काम दुसऱ्याचं चोख, कौतुक पहिल्याचं.

म्हणून पाहायचं ते गळतीचं खातं. पोल म्हणजे पोलॅरिमीटरने मोजलेली साखर. २६ ग्रॅम शुद्ध साखरेचं १०० मिलिलिटर द्रावण २०० मिलिमीटरच्या नळीत घातलं, की ध्रुवित प्रकाश जेवढा वळतो त्याला १०० म्हणायचं. समजा ऊस १३.२० पोलचा आहे. १०० किलो उसामागे २८ किलो बगॅस, म्हणजे रस काढून उरलेला आणि बॉयलरमध्ये जळणारा चोथा, निघालं आणि त्याचं पोल २ टक्के असलं, तर ०.५६ किलो साखर गेली. प्रेसमडमध्ये, म्हणजे रस गाळून उरलेल्या गाळात, ०.०८. मळी, म्हणजे साखर काढून उरलेला काळा पाक, ४.२ किलो, तिचं पोल २९, म्हणजे १.२२. पोत्यात आली ११.२५. बेरीज १३.११ होते. उरलेली ०.०९ 'अज्ञात घट'.

यातली मळीतली घट सर्वांत मोठी, पण ती बरीचशी रसाच्या शुद्धतेने आधीच ठरलेली असते. हातात जास्त असते ती बगॅसची. रोलरचे दात झिजले, उसाची तयारी भरड राहिली, इम्बिबिशनचं, म्हणजे पिळताना चोथ्यावर सोडायचं, पाणी कमी पडलं किंवा गव्हाणीतून भरणा एकसारखा झाला नाही, की बगॅसचं पोल २.० वरून २.४ वर जातं. ०.४ म्हणजे किरकोळ वाटतं. दिवसाला ५,००० टन गाळणाऱ्या कारखान्यात ती ५.६ टन साखर असते. त्यातला दहावा भाग पुढे मळीत गेलाच असता असं धरलं, तरी रोज ५० क्विंटल साखर बॉयलरमध्ये जळते. २०१९ मध्ये ठरलेल्या किलोला ३१ रुपये या किमान विक्री दराने धरलं, तर १३० दिवसांत दोन कोटींच्या वर.

आता गंमत अशी, की हे बगॅस सहसा वजन केलेलं नसतं. ऊस अधिक पाणी बरोबर मिश्र रस अधिक बगॅस, या समीकरणातून ते वजाबाकीने काढतात: १०० + ३३ = १०५ + २८. उसाचं पोलही रस आणि बगॅस यांच्या पोलच्या बेरजेनेच येतं. म्हणजे रस मोजणारा मीटर एक टक्का कमी दाखवू लागला, तर रसातली साखर कागदावर १२.६४ ऐवजी १२.५१ होते आणि अज्ञात घट ०.०९ वरून उणे ०.०४ वर येते. कारखान्यात साखर आपोआप तयार झाली, असा त्याचा अर्थ! घट शून्याखाली दिसली, की अभिनंदन थांबवून आधी मीटर तपासावा.

उलट अज्ञात घट फुगली तर साखर जायच्या वाटा तीन-चारच. रसाचा सामू खाली गेला की साखर फुटते. रस आटवणाऱ्या इव्हॅपोरेटरमधून रस उसळून वाफेबरोबर कंडेन्सरकडे जातो. तो पकडायला कंडेन्सरच्या पाण्याच्या नमुन्यात आल्फा-नॅफ्थॉलचे थेंब टाकतात आणि परीक्षानळीच्या कडेने संहत सल्फ्युरिक आम्ल सोडतात. जांभळी कडी उमटली, की साखर पाण्यात चालली आहे. तिसरी वाट फसवी आहे. तोडून दोन-तीन दिवस उन्हात पडलेल्या उसात ल्युकोनोस्टॉक जिवाणू डेक्स्ट्रान नावाचा चिकट पदार्थ तयार करतात. डेक्स्ट्रान प्रकाशाला साखरेच्या जवळपास तिप्पट वळवतं, त्यामुळे शिळ्या उसाचं पोल खऱ्यापेक्षा जास्त दिसतं. नसलेली साखर आवक म्हणून लिहिली जाते आणि पुढे घट म्हणून सापडते. शिव्या मात्र बॉयलिंग हाऊसला, म्हणजे रसापासून साखर बनवणाऱ्या विभागाला.

खर्चाकडे वळताना आणखी एक गैरसमज: उतारा वाढला की साखर स्वस्तात पडते. २०२५-२६ साठी एफआरपी, म्हणजे केंद्र सरकारने ठरवलेला उसाचा किमान दर, १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये, आणि वरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३.४६ रुपये जास्त. हिशेब करून पाहा: उतारा १०.२५ असो वा ११.२५, एक क्विंटल साखरेमागे ऊस सुमारे ३,४६३ रुपयांचाच पडतो. ९.५ च्या खाली मात्र दर ३२९.०५ वर थांबतो. तिथे ९ टक्के उताऱ्याला तोच खर्च ३,६५६ होतो.

म्हणजे उसाच्या दरात कारखान्याला फारसा वाव नाही. वाव आहे तो दिवसांमध्ये. पगार, व्याज, देखभाल असा न हलणारा खर्च हंगामाला ४० कोटी धरू. साडेसहा लाख टन गाळले तर टनाला ६१५ रुपये, साडेपाच लाख गाळले तर ७२७. वीस दिवसांच्या गाळपाएवढे तास बंद पडण्यात गेले, की क्विंटलभर साखर १०० रुपयांनी महागते. म्हणून बंद तासांची नोंद कारणवार ठेवतात: यांत्रिक, विद्युत, प्रक्रिया, साफसफाई, ऊस नाही. यातला शेवटचा रकाना संशयाने वाचावा. ऊस मिलकडे नेणाऱ्या कॅरिअरची साखळी तुटून दोन तास गेले आणि तेवढ्यात यार्डही रिकामं झालं, तर नोंद हमखास 'ऊस नाही'मध्ये जाते. वजनकाट्यावरच्या शेवटच्या गाडीची वेळ आणि मिल थांबल्याची वेळ शेजारी ठेवली, की ती उघडी पडते.