युनियन आली की कंपनीला कुलूप?

नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीत शिफ्ट सुटली की चहाच्या टपरीवर हमखास ऐकू येतं, "युनियन आली की कंपनी बुडालीच." पुरावा एकच, १९८२ चा मुंबईतला गिरणी संप. पण गिरण्या त्याआधीच जुनी यंत्रं आणि यंत्रमागांची स्पर्धा यांनी खिळखिळ्या झाल्या होत्या.

जॉन डिनार्डो आणि डेव्हिड ली या अर्थतज्ज्ञांनी २००४ मध्ये अमेरिकेपुरता हाच प्रश्न तपासला. तिथं युनियन हवी की नको, यावर कामगार मतदान करतात. निसटत्या मतांनी युनियन जिंकली अशा आणि हरली अशा कंपन्या त्यांनी शेजारी ठेवल्या. म्हणजे बाकी सगळं जवळपास सारखं, फरक चार मतांचा. (युक्ती झकास!) बंद पडण्याच्या प्रमाणात फरक नगण्य निघाला. गंमत म्हणजे पगारही फारसे वाढलेले नव्हते.