ताप उतरल्यावरचे ४८ तास: डेंगी उपचार-मार्गदर्शिकेची पार्श्वभूमी

१९५८ साली बँकॉकमध्ये रक्तस्रावी डेंगीची मोठी साथ आली आणि रुग्णालयात दाखल झालेल्यांपैकी दहा टक्क्यांहून जास्त रुग्ण दगावले. त्यात बहुतेक मुलं होती. विषाणू मारणारं औषध तेव्हा नव्हतं, आजही नाही. तरी पुढच्या काही दशकांत थायलंडचा मृत्युदर एक टक्क्याच्या खाली गेला. तिथल्या बाल रुग्णालयात डॉ. सुचित्रा निम्मानित्य आणि सहकाऱ्यांनी मुलांच्या बारकाईने नोंदी ठेवल्या. त्यातून दिसलं ते असं: ताप उतरण्याच्या सुमारास केशवाहिन्यांतून रक्तद्रव झिरपू लागतो, हे २४ ते ४८ तास चालतं, आणि वेळीच सलाईन न मिळाल्यास मूल शॉकमध्ये जातं, म्हणजे अवयवांना पुरेसं रक्त पोचत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची या आजाराची १९७५ची व्याख्या याच कामावर आधारलेली. २००९मध्ये वर्गीकरण बदललं. पोटात सतत दुखणं, वारंवार उलट्या, सुस्ती अशा धोक्याच्या खुणांना त्यात जागा मिळाली.

कागदावरची मार्गदर्शिका वॉर्डात कशी उतरते, हे श्रीलंकेत पाहावं. २००९मध्ये तिथे सुमारे ३५ हजार रुग्ण आणि ३४६ मृत्यू झाले. डॉक्टर बँकॉकला शिकायला गेले, २०१०मध्ये राष्ट्रीय मार्गदर्शिका आली. २०१७मध्ये रुग्ण १ लाख ८६ हजारांवर गेले, मृत्यू साडेचारशेच्या आत राहिले. सगळं श्रेय प्रशिक्षणाला देता येणार नाही, पण मोठा वाटा त्याचाच.

शिकवतात काय? मुख्यतः चार्ट भरायला. ५० किलोच्या माणसाला झिरपण्याच्या पूर्ण काळासाठी द्रवाचा कोटा ४,६०० मिली: रोजची गरज २,१०० आणि वजनाच्या पाच टक्के म्हणजे २,५००. तोंडावाटे घेतलेलंही यातच धरायचं. नवखा डॉक्टर घाबरून पहिल्या सहा तासांतच निम्मा कोटा संपवतो. पुढे झिरपलेलं पाणी रक्तात परतू लागतं आणि रुग्णाला धाप लागते. लघवी तासाला किलोमागे अर्धा मिली होत असेल तर पुरे; जास्त व्हावी म्हणून सलाईन वाढवायचं नाही.

दुसरी चूक बीपीची. १००/८० दिसलं की केसपेपरवर ‘नॉर्मल’ लिहून मोकळे. वरचा आकडा ठीक आहे, पण दोन्हींतलं अंतर २०वर आलंय. हातपाय गार असतील तर शॉक सुरू झालेला आहे. प्लेटलेटचं वेड तर आपल्याकडेही आहेच. नातेवाईक रक्तपेढ्या पालथ्या घालतात आणि हिमॅटोक्रिट (रक्तातल्या लाल पेशींचं टक्केवारीतलं प्रमाण) ४०वरून ४८वर गेल्याचं, म्हणजे वीस टक्क्यांनी रक्त घट्ट झाल्याचं, कुणाच्या लक्षात येत नाही.

सगळ्यांत अवघड धडा मात्र हिमॅटोक्रिट खाली येण्याचा. ५०चा ३८ झाला. रुग्ण जेवायला मागतोय, लघवी भरपूर, नाडी शांत: पाणी परत येतंय, सलाईन बंद करा. तोच ३८, पण नाडी १३० आणि पाय गार: आत कुठेतरी रक्तस्राव होतोय, रक्त मागवा. आकडा एकच, ऑर्डर दोन. म्हणून हे प्रशिक्षण सभागृहात उरकत नाही, खाटेजवळ उभं राहून द्यावं लागतं.